डिकीतलं पाणी

खंडेनवमीला गाडी धुतली जाते ती एरवीसारखी नाही. इतर वेळी टपावर आणि काचेवर पाणी मारून मोकळी होणारी माणसं त्या दिवशी चारही दारं उघडतात, मॅट बाहेर काढून आपटतात, डिकी रिकामी करतात. कोकणात, मुंबईत, घाटमाथ्यावरच्या गावांत दर वर्षी काही घरांना याच दिवशी कळतं की डिकीतल्या कार्पेटखाली ओल आहे. पुठ्ठा उचलला की कुबट वास येतो. स्टेपनी काढली की खालच्या खड्ड्यात गंजाने तांबूस झालेलं पाणी दिसतं. जॅक आणि पाने धरलेले असतात. पावसाळाभर गाडी दारात उभी होती हे खरं, पण काचा बंद होत्या, दारं बंद होती, पूर आला नव्हता. मग पाणी आलं कुठून, हा प्रश्न झेंडूच्या हारांच्या गडबडीत तिथेच राहून जातो. पाणी फडक्याने टिपतात, डिकी उन्हाला लावतात, ऑक्टोबरचं ऊन दोन दिवसांत सगळं वाळवतं आणि पुढच्या मृगापर्यंत विषय मागे पडतो.

हे पाणी बऱ्याचदा मागच्या दिव्याच्या कडेने आत आलेलं असतं. ते बंद करायला लागणारी वस्तू स्वस्त आहे आणि बसवायला अर्धा तास पुरतो. ते नेमकं कुठून येतं हे शोधायला मात्र कधी कधी अर्धा दिवस जातो. आपल्या गॅरेजांमध्ये पैसे मिळतात ते त्या अर्ध्या तासाचे. अर्ध्या दिवसाचं मोल कुणी देत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी तो घालवलाच जात नाही. गाड्यांचे पत्रे सडतात त्याचं मोठं कारण मला यात दिसतं.

गाडीच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याला भलंमोठं खिंडार ठेवून त्यावर दिवा बसवलेला असतो, हे दिवा जागेवर असेपर्यंत लक्षातच येत नाही. तो काढून पाहावा. आतल्या पत्र्याला बल्बच्या होल्डरांसाठी तळहाताएवढं भोक, दिव्याच्या बोल्टांसाठी दोन-तीन लहान भोकं, वायरिंगसाठी एखादं. त्यांतून थेट डिकी दिसते. पाऊस आणि डिकी यांच्यामध्ये असतो तो दिव्याच्या पाठीला चिकटवलेला बोटभर रुंदीचा काळा फोम. गॅरेजात त्याला गॅस्केट म्हणतात, कुणी पॅकिंगही म्हणतं. नवा असताना तो दाबला की दबतो आणि पुन्हा वर येऊ पाहतो, म्हणून पत्र्याला घट्ट भिडून राहतो. त्याचा सगळा गुण या वर येण्यात आहे. सात-आठ वर्षं उन्हात आणि दाबाखाली काढली की तो दबलेलाच राहतो. पाहायला गेलं तर कुठे फाटलेला नसतो, तुटलेला नसतो, पण त्याची उसळी गेलेली असते. पत्रा आणि फोम यांच्यात केसाएवढी फट पडते आणि पाण्याला तेवढी पुरते. रुंद फटीतलं पाणी निथळून खाली जातं. अरुंद फट ते केशाकर्षणाने स्वतःच आत ओढते, थोडं वरच्या दिशेनेसुद्धा.

फोमचा दुसरा वैरी म्हणजे बल्ब. अनेक गाड्यांत ब्रेकचा एकवीस-पाच वॅटचा बल्ब गेला की अख्खा दिवा उतरवावा लागतो. रस्त्याकडेच्या वायरमनला ते पाच मिनिटांचं काम. दिवा ओढताना जुना फोम अर्धा पत्र्याला चिकटून राहतो, अर्धा दिव्याबरोबर येतो, आणि तसाच परत दाबून बसवला जातो. बल्ब पेटतो, गिऱ्हाईक जातं. पुढचा मोठा पाऊस होईपर्यंत कुणाला काही कळत नाही. जुन्या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत दिव्याची लाल काच बाहेरून स्क्रूंनी बसवलेली असे. बल्बसाठी तेवढी काच उघडायची. दिव्याचं बूड आणि पत्र्याकडचं गॅस्केट जागचं हलत नसे. ती रचना दिसायला ओबडधोबड होती, पण या एका बाबतीत आजच्यापेक्षा शहाणी होती, असं माझं मत आहे.

शोध कसा घ्यायचा हे मी पाहिलं चिपळूणजवळच्या एका गॅरेजात, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. मालकांना सगळे मेस्त्रीच म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुणे शहरात सातशेच्या आसपास. पुण्यात जी फट कित्येक वर्षं लपून राहील, ती इथे एका आषाढात उघडी पडते. देवरुखकडचे एक शिक्षक आपली जुनी हॅचबॅक घेऊन आले होते. याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. पाणी डिकीत डाव्या बाजूला साचत होतं म्हणून पहिल्या ठिकाणी डाव्या दिव्याभोवती पारदर्शक सिलिकॉन मारून दिलं. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही दिव्यांच्या खालच्या कडा तशाच बुजवल्या. पाणी थांबलं नाही. उलट वाढलं.

"मेस्त्री, या वेळी काय ते कायमचं करून टाका," शिक्षक म्हणाले.

"करूया ना, गुरुजी. पण आधी येतं कुठून ते बघूया. नाहीतर मीपण एक ट्यूब मारीन नि तुम्ही चौथ्याकडे जाल."

डिकीतलं सामान, कार्पेट, पुठ्ठा, स्टेपनी सगळं बाहेर आलं. बाजूच्या प्लास्टिकच्या ट्रिमच्या क्लिपा न मोडता एकेक करून काढल्या. पत्रा कोरड्या फडक्याने पुसून त्यावर हवा मारली. मग हाताखालच्या पोराने दिव्याच्या मागच्या पत्र्यावर, सांध्यांवर आणि स्टेपनीच्या खड्ड्याच्या काठांवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि तळाला कालचा पेपर पसरला. मागची सीट पाडून तो टॉर्च घेऊन आत शिरला. डिकीचं दार बंद झालं. सीट पाडायची ती एवढ्यासाठी की आतल्या माणसाला बाहेर यायची वाट मोकळी राहावी. कुणालाही बंद डिकीत कोंडून ही तपासणी करायची नाही, हे मेस्त्रींनी मला दोनदा सांगितलं.

नळीच्या तोंडाला त्यांनी अंगठा लावला नाही. पाणी मारलं नाही, नुसतं सोडलं. सुरुवात केली बंपरच्या वरच्या काठापासून. तिथे पाच-सात मिनिटं. मग दिव्याचा खालचा काठ, मग बाहेरची बाजू, मग आतली, मग वरचा काठ. छताच्या पट्टीला सगळ्यांत शेवटी हात.

"वरून सुरू केलं की सगळंच भिजतं. मग कोणतं पाणी कुणाचं, काय कळणार?"

प्रेशर वॉशर गॅरेजात होता, पण त्याला हातही लावला नाही. पाऊस जिथे कधी पोचत नाही तिथे ते यंत्र पाणी घुसवतं आणि धडधाकट सीललाही गुन्हेगार ठरवतं. पाण्याला वेळ द्यावा लागतो. फोममागे ओल साचून पहिला थेंब सुटायलाच काही मिनिटं जातात. नळी हातात घेऊन नुसतं उभं राहणं बहुतेकांना जमत नाही, आणि तपासणी फसते ती इथेच.

खालच्या काठाला काही नाही. बाजूंना काही नाही. उजव्या दिव्याच्या वरच्या काठाला पाणी लागून बराच वेळ झाल्यावर पोरगा आतून ओरडला, "आलं!"

डिकी उघडल्यावर पावडरीने सगळं सांगून टाकलं होतं. वरच्या बोल्टाच्या भोकातून एक बारीक रेघ निघाली होती. ती सरळ खाली आली नव्हती. पत्र्याच्या घडीवर चढून तिच्या कडेकडेने मागच्या आडव्या पट्टीवर गेली होती, तिथून डावीकडे सरकत सरकत मधल्या वेल्डिंगच्या सांध्यापाशी खाली उतरली होती. पाणी शिरत होतं उजवीकडून आणि साचत होतं डावीकडे. गुरुजींची गाडी अंगणात जिथे उभी असते तिथे डाव्या बाजूला उतार आहे, हे विचारल्यावर कळलं. सिलिकॉननंतर पाणी का वाढलं तेही उलगडलं. दिव्यामागे वरून उतरणारं काही पाणी पूर्वी खालच्या कडेने बाहेर निथळून जात असे. ती कड बुजवल्यावर त्याला जायला डिकीशिवाय वाट उरली नाही.

कौलारू घरात पावसाळे काढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. माजघरात थेंब पडतो म्हणून माजघरावरचं कौल बदललं आणि गळती थांबली, असं फार क्वचित होतं. फुटकं कौल दोन-तीन रांगा वर असतं आणि पाणी वाशावरून चालत आलेलं असतं. मेस्त्रींचे वडील मे महिन्यात घरं शाकारायला जात. त्या घरातला माणूस नळी घेऊन शांत उभा राहू शकतो, याचा आणि त्याचा काहीतरी संबंध असावा.

सिलिकॉनबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे गळती म्हटलं की पहिला हात त्या ट्यूबकडे जातो. बाजारात सहज मिळणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो ॲसेटिक आम्लाचा. खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत आणि काचेवर ते चालून जातं, पण जिथे रंग उडून पत्रा उघडा पडलाय तिथे तेच आम्ल गंजाला निमंत्रण देतं, आणि शेजारच्या तांब्याच्या वायरींना, होल्डरच्या पट्ट्यांनाही बाधतं. आम्ल न सोडणारं न्यूट्रल सिलिकॉन मिळतं, पण ते मागून घ्यावं लागतं. दुसरी अडचण पेंटरची. सिलिकॉनचा अंश राहिलेल्या पत्र्यावर रंग धरत नाही, थेंबाथेंबाने मागे सरतो आणि डोळे पडतात. पेंटर लोक त्या ट्यूबला शत्रू मानतात ते उगीच नव्हे. तिसरी अडचण पुढच्या दुरुस्तीची. सिलिकॉनने चिकटलेला दिवा सरळ निघत नाही. कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतो, रंगाला चरा पडतो, दिव्याचा कान मोडतो. गुरुजींच्या गाडीचं जुनं सिलिकॉन खरवडायला गळती शोधण्याइतकाच वेळ गेला.

दिवा काढताना डिकीच्या आतून नट सोडवायचे, कपलर सोडवायचा आणि दिवा सरळ मागच्या दिशेने ओढायचा. बऱ्याच दिव्यांना बाहेरच्या बाजूला पत्र्यात बसणारी एक खुंटी असते. दिवा तिरका ओढला की ती मोडते आणि मग तो कोपरा कधीच नीट दबत नाही. जुना फोम प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला, पत्र्यावरचा चिकटपणा रॉकेलच्या फडक्याने पुसून काढला आणि नंतर साबणाच्या पाण्याने रॉकेलही धुतलं. दिव्याच्या लाल भागाला मात्र रॉकेल, पेट्रोल, थिनर यांतलं काहीही लावू दिलं नाही. मागच्या दिव्यांचा लाल भाग सहसा ॲक्रिलिकचा असतो. पेट्रोल-थिनर लागलं की त्यात बारीक तडे जातात. ते लगेच दिसत नाहीत, महिन्याभराने दिसतात.

वरच्या बोल्टाच्या भोकाभोवती नखाएवढा गंज होता. मोटारीचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. नखाएवढा गंज दोन पावसाळ्यांत आरपार जातो, आणि खाडीकाठच्या खाऱ्या हवेत त्याच्याही आधी. पॉलिशपेपरने घासून पत्रा पांढरा केला, प्रायमर लावला, वर रंगाचा हात दिला आणि गाडी वाळायला ठेवून मेस्त्री दुसऱ्या कामाला गेले. ओल्या रंगावर फोम दाबला तर रंगच फोमबरोबर निघून येतो.

गॅस्केटचा प्रश्न वेगळाच. काही गाड्यांचं गॅस्केट सुटं मिळतं, काहींचं फक्त अख्ख्या दिव्यासोबत येतं. मिळत नसेल तर ते बनवावं लागतं. पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं दाटीने आहेत. तिथल्या एका दुकानदारांनी मला काउंटरवर दोन काळ्या पट्ट्या ठेवून दाखवल्या. दिसायला सारख्या, दोन्ही मऊ.

"यातली एक ओठांना लावून फुंका," ते म्हणाले.

एकीतून हवा आरपार गेली, दुसरीतून नाही. जिच्यातून हवा जाते तिची छिद्रं एकमेकांत उघडलेली असतात. तो गादीचा स्पंज. तो पाणी पितो आणि महिनोन्‌महिने पत्र्याला ओला टेकून राहतो. गॅस्केट नसण्यापेक्षाही ते वाईट. दुसरी पट्टी ईपीडीएम रबराच्या बंद छिद्रांच्या फोमची. उन्हापावसात टिकणारं रबर, म्हणून दारांच्या बीडिंगलाही ते वापरतात. दोन्ही पट्ट्यांच्या किमतीत फरक होता तो एका वडापावाचा. "पण बघितल्यावर स्वस्तातलीच नेतात," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा काळजी होती.

मेस्त्रींनी दिव्याची पाठ पेपरवर ठेवून पेन्सिलीने कड गिरवली, त्यावरून फोम कापला, बोल्टांची भोकं पंचाने पाडली. भोक बोल्टापेक्षा किंचित लहान ठेवलं, म्हणजे फोम बोल्टाला आवळून बसतो. पट्टी जोडून गॅस्केट करायचं झालं तर जोड नेहमी खालच्या बाजूला आणि तिरप्या कापाने घ्यायचा. वर जोड ठेवला की पाणी तोच शोधून काढतं. बोल्टांच्या बुडाशी ब्यूटाइलची दोरी गुंडाळली. हे ब्यूटाइल कधी कडक होत नाही, वर्षानुवर्षं चिकट राहतं, आणि पुढच्या वेळी दिवा काढताना मुकाट्याने सुटतं.

मग नट. इथे जोर दाखवायचा मोह अनेकांना होतो. दिव्याचं बूड प्लास्टिकचं असतं. एक नट पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की बूड पिळतं आणि समोरचा कोपरा उचलला जातो. सगळे नट आधी हाताने टेकवायचे, मग अदलून बदलून अर्धा-अर्धा फेरा. फोम साधारण निम्मा दबला की थांबायचं. मेस्त्री रॅचेट वापरत नाहीत, छोटा टी-पाना दोन बोटांत धरतात, म्हणजे जोर लावताच येत नाही.

आता बाकीचे संशयित. प्रत्येक ओल्या डिकीचं पाप दिव्याच्या माथी मारणं बरोबर नाही. छताच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्टीखाली वेल्डिंगचा सांधा असतो. त्यात भरलेलं सीलर तडकलं की पाणी खांबातून उतरून बरोबर दिव्याच्या मागेच प्रकट होतं. छतावरच्या अँटेनाचं रबर, तिसरा ब्रेक लाइट, नंबरप्लेटचा दिवा, मागची काच, डिकीचं बीडिंग, सगळे त्याच रांगेत. मागच्या बंपरच्या आड दोन्ही बाजूंना गाडीतली हवा बाहेर सोडणाऱ्या जाळ्या असतात, त्यांना एकाच दिशेने उघडणारे रबरी पडदे असतात. मागून ठोकर बसून बंपर बदलला की डेंटरकडून त्या जाळीचं सील हमखास वाकडं बसतं. हॅचबॅकमध्ये मागची काच धुण्याची नळी बोनेटपासून डिकीपर्यंत जाते आणि बिजागरीच्या रबरी नळकांड्यात वाकून वाकून चिरते. अशा गाडीत डिकी भर उन्हाळ्यातही ओली होते आणि ओलीला साबणाचा वास असतो. सनरूफच्या मागच्या निचऱ्याच्या नळ्या पाचोळ्याने तुंबल्या तर पाणी मागच्या खांबातून खाली येतं. हा विकार अलीकडे वाढतोय, कारण सनरूफशिवाय गाडी घेणं लोकांना कमीपणाचं वाटू लागलंय आणि झाडाखाली गाडी लावण्याची सवय तीच आहे.

दिव्याच्या आत धुकं धरणं हे आणखी वेगळं प्रकरण. दिव्याला श्वास घ्यायला बारीक छिद्र किंवा पापुद्रा ठेवलेला असतो, म्हणून पावसाळी सकाळी काचेच्या आतून वाफ धरणं आणि दिवे लावल्यावर थोड्या वेळाने ती विरणं हा दोष नव्हे. थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी हिंदकळत असेल तर दिव्याचाच सांधा उसवलाय. यूट्यूब पाहून दिवा गरम करून उघडणाऱ्यांना सांगायला हवं की पुढचे दिवे बरेचदा चिकटद्रव्याने जोडलेले असल्याने गरम केल्यावर सुटतात, पण मागचे बहुतेक प्लास्टिक वितळवून एकजीव केलेले असतात. ते उघडत नाहीत, फुटतात. खाली ड्रिलने भोक पाडून पाणी काढून देण्याचा रस्त्यावरचा उपायही पाहिलाय. त्या भोकातून पाणी जातं तशी धूळ येते आणि वर्षभरात दिवा आंधळा होतो.

डिकीतलं पाणी ही गैरसोय आहे, कार्पेट वाळवलं की झालं, असं मानणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. पहिली विजेची. होल्डरच्या तांब्यावर हिरवा थर चढतो, अर्थिंग कच्चं होतं, आणि मग ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो किंवा पार्किंगचा दिवा विझतो. करंटला घरी परतायची सरळ वाट मिळाली नाही की तो शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो. रात्री महामार्गावर मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही थांबताय की वळताय हे त्या दिव्यावरूनच कळत असतं.

दुसरी गोष्ट श्वासाची, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो. हॅचबॅकची मागची काच चिखलाने माखते ती त्यामुळेच. सायलेन्सरचा धूरही त्याच पोकळीत घोटाळतो. जिथून पाणी आत येऊ शकतं तिथून धूरही येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. मागच्या सीटवर बसणाऱ्याचं लांबच्या प्रवासात वारंवार डोकं दुखत असेल तर फक्त घाटाच्या वळणांना दोष देऊ नये. स्टेपनीच्या खड्ड्यातलं रबरी बूच काढून टाकून पाणी जाऊ देण्याची युक्ती बरेच जण करतात. ते बूच नसलं की धूर आणि चिखल यांना आणखी एक दार उघडतं.

तिसरी सीएनजीची. मुंबई-पुण्यात डिकीत टाकी असलेल्या गाड्या भरपूर. टाकी आली की तळ दिसेनासा होतो, आणि टाकीचं ब्रॅकेट ज्या बोल्टांनी तळाला धरलेलं असतं त्यांच्याभोवतीच पाणी मुरतं. इतकं वजन गंजलेल्या पत्र्यावर टांगलेलं असणं ही काळजीचीच बाब आहे. सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट दर 3 वर्षांनी करावी लागते आणि त्यासाठी टाकी उतरवावीच लागते. त्या दिवशी उघडा पडलेला तळ स्वतः डोळ्यांनी पाहून घ्यावा, बोल्टांच्या भोवती बोट फिरवून पाहावं. टाकी परत चढली की पुढची 3 वर्षं तो दिसायचा नाही.

विम्याची आशा धरू नये. सर्वसमावेशक मोटार पॉलिसी अपघाताची आणि पुराची भरपाई देते. वापराने झालेली झीज त्यातून वगळलेली असते, आणि दबलेलं गॅस्केट झिजेतच मोडतं. पुराचा विषय निघालाच आहे तर जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक सांगतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, 22 जुलै 2021 रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठी नदी घराघरांत शिरली. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून दूरच्या बाजारात विकायला जातात. सीटकव्हर नवं घालता येतं, कार्पेट नवं घालता येतं. दिव्याच्या मागच्या खोबणीत आणि दिव्याच्या तळाशी बसलेला गाळ कुणी सहसा धूत नाही. दिवा काढून पाहू द्यायला विकणारा तयार नसेल तर त्याचं कारण विचारावं. गळतीचं पाणी स्वच्छ रेघा सोडतं, पुराचं पाणी सगळीकडे सारखा मातकट थर सोडतं. दोन्हींमधला फरक एकदा पाहिला की विसरत नाही.

कारखान्यातून बाहेर पडण्याआधी गाडीला फवाऱ्यांच्या बोगद्यातून नेऊन गळती तपासतात. ती परीक्षा नव्या, उसळत्या फोमची असते. नवव्या पावसाळ्यातल्या फोमची परीक्षा गाडीवाल्याच्या अंगणात होते आणि तिथे तपासायला कुणी उभं नसतं. आता तर दोन दिव्यांच्या मधून डिकीच्या दारावर आडवी एलईडी पट्टी घालण्याची चाल आली आहे. रात्री सुंदर दिसते. सील करायची लांबी वाढते, बोल्ट वाढतात, आणि पाणी शिरून आतलं सर्किट गेलं तर बल्बसारखं काही बदलता येत नाही, अख्खा दिवा घ्यावा लागतो, हजारोंचा. म्हणजे गॅस्केट वेळेवर बदलणं पूर्वीपेक्षा जास्त फायद्याचं झालंय. तरी सर्व्हिसच्या यादीत एसीचा फिल्टर असतो, वायपरचं रबर असतं, दिव्याचं गॅस्केट मी अजून कुठे पाहिलेलं नाही. ते यादीत यायला हवं.

आणि यादीत यायला हवी शोधण्याची मजुरी. मेस्त्रींनी गुरुजींना सांगितलेला आकडा फोम, प्रायमर, ब्यूटाइल आणि दिवा काढून बसवण्याचा होता. अर्ध्या दिवसाच्या तपासणीचा त्यात उल्लेखच नव्हता. विचारलं तर म्हणाले, "त्याचे कसे मागायचे? लोक म्हणतात, नुसतं पाणीच तर सोडत होतास." पुण्या-मुंबईच्या मोठ्या वर्कशॉपात संगणक लावून फॉल्टकोड वाचण्याचे पैसे लोक निमूट देतात. नळी, पावडर आणि पेपर घेऊन केलेलं निदान तितकंच खरं असतं आणि त्याला जास्त डोकं लागतं. जो कारागीर हे पैसे मागेल त्याला ते द्यावेत, आणि मागायला लाजत असेल त्यालाही द्यावेत. नाहीतर पुढची पिढी थेट सिलिकॉनची ट्यूबच उचलेल, कारण हिशेब तेच सांगतो. गुरुजींनी विचार करून वरचे पैसे दिले, आणि बिलावर तसं लिहूनही मागितलं.

दिव्याचा नवा फोम बसवल्यावर ट्रिम लगेच चढवली नाही. पुन्हा पावडर, पुन्हा नळी, पुन्हा पोरगा आत. या वेळी तो आत बसून कंटाळला, एवढीच बातमी. मग मेस्त्री डाव्या दिव्याकडे वळले.

"हा गळत नाही ना पण?" गुरुजींनी विचारलं.

"गळत नाही. पण फोम त्याच दिवसाचा आहे ना दोन्हीकडचा. ट्रिम काढलेलीच आहे, माझा वेळ तेवढाच वाचतो."

गुरुजींनी मान हलवली. मेस्त्रींनी टी-पाना डावीकडच्या पहिल्या नटाला लावला आणि पोराला दुसऱ्या गॅस्केटसाठी फोम कापायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात गाडी एकदा परत आणायला सांगितली, नवा फोम दबला की नट किंचित सैल पडतात, ते पाव फेरा घ्यावे लागतात म्हणून. त्याचे पैसे लागणार नाहीत, हेही सांगून ठेवलं.